फायबरच्या आरसी बोटीचा तडा: मजबुती नेमकी कुठे द्यायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रिमोटवर चालवायची आरसी बोट ८५ सेंटिमीटर लांब, फायबरची, खोल व्ही तळाची, ब्रशलेस मोटरवर चालणारी. ठाण्याच्या उपवन तलावात वेगात वळताना ती काठाच्या दगडावर चढली आणि नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) उजव्या अंगाला, तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या कडेवर (म्हणजे चाइनवर) चार बोटं लांब तडा गेला. पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, नळीच्या मुळाशी पाणी झिरपतंय, ते आधीपासूनच थोडंथोडं होतं. तळ अंगठ्याने दाबला की आत जातो. यावर तुम्ही तीन उपाय मांडलेत: आतून सगळीकडे मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चादर) मारायची, तळात रेझिन (वाळून कडक होणारा द्रव) ओतून जाड थर करायचा, किंवा कार्बनचं कापड घालायचं. आणि पावसाळा संपेपर्यंत थांबायचं का, हेही विचारलंय.

माझं निम्मं आयुष्य फायबरच्या कामात गेलंय आणि आरसी बोटींचा नाद त्याहून जुना आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. तिन्ही उपाय तसेच्या तसे करू नका. चांगला हल, म्हणजे बोटीचं कवच, अख्खा पातळ आहे म्हणून फुटतो, असं फार कमी वेळा होतं. तो फुटतो ते कडक भाग आणि लवचीक भाग जिथे एकदम भेटतात तिथे. मोटर माउंटच्या पुढच्या कडेला, आडव्या फळीच्या रेषेवर, शाफ्टची नळी तळातून बाहेर पडते तिथे, सुकाणूच्या ब्रॅकेटच्या स्क्रूपाशी. तुमच्याकडच्या जुन्या बोटी काढून बघा, तडे याच ठिकाणी सापडतील. म्हणून पहिला प्रश्न ‘किती जाड करू’ हा नाही. ‘भार कुठून येतो आणि पुढे कुठे पसरतो’ हा आहे.

आधी वजनाचा हिशोब करू, कारण मॅटचा मोह तिथेच सुटतो. तुमच्या बोटीच्या तळाचं आतलं क्षेत्रफळ साधारण ०.२ चौरस मीटर धरा. बाजारात सर्रास मिळणारी चॉप्ड मॅट ४५० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅमची, असते. एवढ्या तळाला तिची ९० ग्रॅम काच लागते आणि ती पिते तिच्या दोन ते अडीच पट रेझिन. म्हणजे एका थरात २७० ते ३१५ ग्रॅम वाढले. तोच तळ १६० जीएसएमच्या विणलेल्या कापडाने झाकला तर ३२ ग्रॅम कापड आणि हात नीट चालला तर तेवढंच रेझिन, एकूण ६५ ग्रॅमच्या आसपास. दिवाळे गावात किंवा चेंदणी कोळीवाड्यात मासेमारीच्या फायबर होड्या मॅट आणि पॉलिस्टर रेझिनवर दुरुस्त होताना पाहिल्या असतील, तर तिथे ते बरोबरच आहे. त्या होडीची जाडी काही मिलिमीटर असते, तिला पाव किलो कळतही नाही. आपल्या दीड मिलिमीटरच्या हलला कळतं. बोट पाण्यातून उठायला वेळ लागतो, मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा ईएससी जास्त तापतात, आणि पुढच्या वेळी दगडावर बसणारा धक्काही तेवढ्याच जड वस्तूचा असतो.

रेझिन ओतणं तर त्याहून वाईट. कापडाशिवायचं रेझिन ठिसूळ असतं. ते वजन देतं, ताकद जवळजवळ देत नाही. शिवाय एकदम जाड ओतलं की स्वतःच्या उष्णतेने तापतं आणि पातळ तळ वाकवून टाकतं.

आता तळ दाबला जातो त्याबद्दल. पत्र्यासारख्या सपाट भागाचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट तर कडकपणा आठपट. १६० जीएसएमचा एक थर सुमारे ०.२ मिलिमीटर जाडी देतो, म्हणजे दीडचे १.७ झाले आणि कडकपणा दीडपटीच्या जरा खाली आला. वाईट नाही, पण पुरेसंही नाही. तेच जर तळावर लांबीच्या दिशेने ८ मिलिमीटर उंचीच्या दोन फोमच्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांवरून कापडाची पट्टी टाकली, तर त्या रेषेवर तळ अंगठ्याला दाद देत नाही, आणि वजन वाढतं ते वीस-पंचवीस ग्रॅम. फोमला स्वतःला ताकद लागत नाही; कापडाला तळापासून उंच धरणं एवढंच त्याचं काम. यासाठी एक्सपीएस (दाट पॉलिस्टायरिन) फोम चांगला. पट्टीचा काप चौकोनी ठेवू नका, वरून निमुळता करा, नाहीतर कापड काटकोनात बसत नाही आणि खाली हवा राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टीची दोन्ही टोकं शेवटच्या पाच-सहा सेंटिमीटरमध्ये उतरती करत शून्यावर आणा. पट्टी मध्येच बोथट संपवली तर पुढचा तडा बरोबर तिच्या टोकापाशी जाईल. वर म्हटलं ते कडक-लवचीक प्रकरण हेच.

त्याच कारणाने आडव्या फळ्या, म्हणजे बल्कहेड, हलला घट्ट ठोकून बसवू नयेत. कडेने दीड-दोन मिलिमीटर फट ठेवावी, ती जाडसर केलेल्या इपॉक्सी रेझिनने भरावी, दोन्ही बाजूंना गोलाई द्यावी आणि वरून कापडाची पट्टी घालावी. फळीची धार थेट फायबरला टेकली की बाहेरच्या रंगावर तिची रेषा उमटते. काही महिन्यांनी त्याच रेषेवर केसाएवढी भेग दिसते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी नुकसान किती ते शोधा. डोळ्याला दिसतो तो तडा बहुतेक वेळा खऱ्या नुकसानापेक्षा लहान असतो. खोलीत अंधार करा, हलमध्ये मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि बाहेरून बघा. रंग पातळ असेल तर फायबर अर्धपारदर्शक दिसतं आणि जिथे थर सुटलेत तिथे पांढुरका डाग दिसतो. रंग जाड असेल तर रुपयाच्या नाण्याने ठोकत जा. धड भाग टणक वाजतो, थर सुटलेला भाग तडा गेलेल्या माठासारखा बद्द वाजतो. पेन्सिलीने त्याची हद्द आखून घ्या. दुरुस्ती त्या हद्दीच्या बाहेर संपली पाहिजे. तुमच्या बोटीत शाफ्टच्या नळीभोवती आणि मोटर माउंटच्या पुढे हे अवश्य करा. धक्का नाळेला बसला तरी मोटर आणि बॅटरीचं वजन त्या क्षणी पुढे झेपावलेलं असतं.

मग हल वाळवा. खाडीच्या किंवा खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा. तड्यात अडकलेलं पाणी आपल्याकडच्या हवेत सहज वाळत नाही. आतलं सामान काढून हल दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा किंवा हेअर ड्रायर लांबून फिरवा. ओल्या फायबरवर लावलेलं इपॉक्सी धरल्यासारखं वाटतं, पण नंतर पापुद्र्यासारखं निघतं.

यानंतरचा क्रम चुकवू नका: आधी पुसणं, मग घासणं. हल साच्यातून काढताना वॅक्स वापरलेलं असतं, आत ग्रीसचे शिंतोडे असतात. सरळ पॉलिश पेपर मारला तर तो मेण-ग्रीस ओरखड्यांमध्ये भरतो. म्हणून स्वच्छ सुती कपड्याला अ‍ॅसिटोन लावून पुसा, कपड्याची बाजू बदलत राहा, मग ८० नंबरने घासा. चकाकी पूर्ण गेली पाहिजे. एक चमकता ठिपका राहिला तर तिथे काही चिकटणार नाही. घासून झाल्यावर पुन्हा आधी कोरड्या कपड्याचा, नंतर अ‍ॅसिटोनचा हात. फायबरची धूळ फुफ्फुसाला वाईट, त्यामुळे धुळीसाठीचा चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि हे काम फ्लॅटच्या हॉलमध्ये नको. गच्चीत किंवा बाल्कनीत करा. ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

आता चाइनवरचा तडा. तड्याच्या दोन्ही टोकांना दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडा. तडा तिथे थांबतो. न पाडलं तर दुरुस्तीखालून पुढे सरकतो. बाहेरून तडा व्ही आकारात उघडा आणि कुजलेलं, पांढरं पडलेलं रेझिन काढून टाका. दोन कडा वरखाली झाल्या असतील तर आधी त्या जुळवा: बाहेरून ब्राउन पॅकिंग टेप ताणून लावा. इपॉक्सी तिला चिकटत नाही आणि बाहेरचा आकारही धरला जातो. आकार नीट बसतोय का हे दुसऱ्या अंगाच्या चाइनशी ताडून पाहा. कार्डबोर्डवर डाव्या बाजूचा काप उतरवून घेतला आणि उलटा करून उजवीकडे लावला की फरक लगेच दिसतो.

आतून तड्याच्या दोन्ही बाजूंना उतार घासायचा. नियम असा की उताराची लांबी जाडीच्या बारा पट. तुमचा हल दीड मिलिमीटरचा, म्हणजे १८ मिलिमीटर, सरळ दोन सेंटिमीटर धरा. हा उतार म्हणजेच भार एका रेषेवर न पडता पसरण्याची सोय, त्यात आळस करू नका. चाइनच्या आतल्या कोपऱ्यात कापड कधी टोकापर्यंत बसत नाही, ते पुलासारखं वरून जातं. म्हणून आधी इपॉक्सीत कोलॉइडल सिलिका, म्हणजे आपल्या बाजारातलं एरोसिल, मिसळून लोण्यासारखं घट्ट करा आणि कोपऱ्यात बोटाने गोलाई द्या. ते अजून चिकट असतानाच कापड घाला. तीन पट्ट्या पुरतात: पाच सेंटिमीटर रुंद, मग चार, मग तीन. मोठी आधी, लहान वर. मोठी पट्टी पहिल्यांदा टाकली की ती सगळीकडे मूळ फायबरला चिकटते. निदान एक थर तिरका, म्हणजे धागे तड्याला ४५ अंशांत, असू द्या. तिरकं कापड चाइनच्या वळणावर बसतंही छान. पट्ट्यांचे कोपरे कात्रीने गोल करा. कापण्याआधी रेषेवर मास्किंग टेप लावून टेपवरूनच कापलं तर धागे सुटत नाहीत.

कापड भिजवताना आधी पृष्ठभागाला इपॉक्सीचा पातळ हात, मग कापड, मग वरून ब्रशने टिपत जायचं. ब्रश ओढू नका, त्याचे केस कापून आखूड करा आणि ठोकत चला. पांढरं कापड पारदर्शक झालं की ते भिजलं. त्यानंतर जे रेझिन वर तरंगतंय ते जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून काढा. कापडाची वीण हाताला जाणवली पाहिजे. गुळगुळीत काचेसारखा थर दिसला तर रेझिन जास्त झालं. हे सगळं आतून वाळल्यावर बाहेरची टेप काढा, व्ही खाच सिलिका-इपॉक्सीने भरा, घासा, आणि वर ५० जीएसएमचा एक पातळ थर चाइनला वळवून घाला. कोरडं झाल्यावर वॉटर पेपरने सफाई. शेवटच्या बारीक खड्ड्यांसाठी मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड) घातलेलं इपॉक्सी वापरा, ते हलकं असतं आणि घासायला सोपं. गाड्यांची पुट्टी पाण्याच्या रेषेखाली नको. ती पाणी ओढते आणि नंतर रंगाला फोड येतात.

कुठलं रेझिन? दुरुस्तीला इपॉक्सीच. हल मूळ पॉलिस्टरचा असला तरी वाळलेल्या जुन्या पॉलिस्टरवर नवं पॉलिस्टर जेवढं धरतं त्याहून इपॉक्सी कितीतरी चांगलं धरतं. उलटं मात्र करू नका, इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट वाळत नाही आणि धरत नाही. चॉप्ड मॅटचंही तसंच: तिचे तुकडे ज्या चिकाने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळण्यासाठी असतो, इपॉक्सीत तो विरघळत नाही आणि मॅट ताठच राहते. शिवाय पॉलिस्टर रेझिन एक्सपीएस फोम आणि थर्माकोल खातं, त्यामुळे वर सांगितलेल्या पट्ट्या पॉलिस्टरमध्ये शक्य नाहीत. तरीही कोणी पॉलिस्टर वापरणार असेल तर एक गोष्ट जिवाची: कोबाल्ट (वाळणं वेगात आणणारं) आणि एमईकेपी (रेझिन कडक करणारं) कधीही एकमेकांत थेट मिसळू नका. भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग एमईकेपी.

वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-रबाळे पट्ट्यात एफआरपीचं (फायबरचं) काम करणाऱ्यांकडे विचारलं की रेझिन, कापड, एरोसिल कुठे सुटं मिळतं ते कळतं. लॅपॉक्स एल-१२ (रेझिन) आणि के-६ (हार्डनर) ही जोडी आपल्याकडे जुनी आणि भरवशाची. प्रमाण वजनाने १०० ला १०. इथे लोक घसरतात. आपल्याला एका वेळी २० ग्रॅम रेझिन लागतं, म्हणजे हार्डनर फक्त २ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १ ग्रॅमची चूक झाली तर प्रमाण निम्म्याने हललं. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा घ्या, महाग नसतो. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवायचा नाही. पॉलिस्टरमध्ये एमईकेपी थोडं कमीजास्त चालतं, इपॉक्सीत हार्डनर हा वाळलेल्या थराचाच एक भाग बनतो, जास्तीचा तसाच मऊ राहतो. रेझिन घट्ट वाटलं तर अ‍ॅसिटोन घालून पातळ करू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवा. मिसळलेलं मिश्रण कपात ठेवू नका, पसरट ताटलीत ओता. उन्हाळ्यात आपल्याकडे कपातलं मिश्रण बघता बघता तापून धूर सोडतं. हातमोजे नायट्राइलचे. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते, म्हणून त्वचेवर लागलं तर साबण-पाण्याने धुवा, अ‍ॅसिटोनने नाही.

पाच मिनिटांचं इपॉक्सी वस्तू जागेवर टेकवून ठेवायला ठीक आहे, पण पाण्याखालच्या सांध्याला नको. ओलाव्याने आणि उष्णतेने मऊ पडतं. एम-सीलने तलावाच्या काठावर तात्पुरतं पाणी अडवता येतं, घरी आल्यावर ते खरवडून काढायचंच.

पावसाळ्याबद्दल. थांबायची गरज नाही, पण हवेतला दमटपणा हा आपल्याकडचा खरा शत्रू आहे. ठाण्यात पावसात आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते. अशा हवेत वाळणाऱ्या इपॉक्सीच्या पृष्ठभागावर तेलकट-मेणचट थर येतो. त्यावर तसाच पुढचा थर चढवला तर दोन थरांत फट राहते आणि नुसतं घासलं तर तो चिकटा पॉलिश पेपरमध्ये भरून सगळीकडे पसरतो. हा थर पाण्यात विरघळतो. आधी कोमट पाण्याने आणि हिरव्या स्क्रबने धुवा, कोरडं करा, मग घासा. शक्य असेल तर सगळे थर एकाच बैठकीत, आधीचा चिकट असतानाच टाका, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. एसी चालू असलेल्या बंद खोलीत काम करणं उत्तम. काम संपल्यावर एसी बंद करून खोली गरम होऊ द्या. काचेचं कापडही दमट होतं, वापरण्याआधी दिव्याखाली तासभर ठेवा आणि एरवी बंद पिशवीत ठेवा.

वाळताना हल कशावर ठेवलाय याकडे बारीक लक्ष द्या. साधारण तापमानाला वाळलेलं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना नरम पडू शकतं, आणि मे महिन्यात गच्चीवर गडद रंगाचा हल त्याहून तापतो. वाळणारा हल दोन टोकांवर टेकवून ठेवला तर तो तसाच वाकलेला कायम होतो. कापडाचे झोळ किंवा फोमचे कापलेले आधार घ्या, तळाचा आकार जपा. चोवीस तासांत घासण्याइतकं कडक होतं, पूर्ण ताकद यायला आठवडा धरा.

तळाचा मागचा भाग सरळ आहे का हे स्टीलची पट्टी लावून तपासा, पट्ट्या बसवण्याआधी आणि नंतरही. मागच्या वीस-पंचवीस सेंटिमीटरमध्ये तळ आत खोलगट झाला असेल तर बोट नाक पाण्यात खुपसून चालते. बाहेर फुगीर झाला असेल तर वेगात ती घोड्यासारखी वरखाली उड्या मारते. आतून कापड ताणून लावल्याने किंवा चुकीच्या आधारामुळे असा फरक सहज पडतो, मग लोक बोटीचा कल बदलणारे ट्रिमचे पत्रे आणि सुकाणू बदलत बसतात. उंचवटा सापडला तर लांब सपाट लाकडी ठोकळ्यावर वॉटर पेपर गुंडाळून काढा, हाताने घासू नका.

शाफ्टची नळी. तिथलं पाणी थांबवण्याआधी ती का हलते ते शोधा. प्रोपेलर काढून संतुलन तपासा, फ्लेक्स शाफ्ट (तारेचा लवचीक दांडा) वाकलाय का बघा, मोटर आणि नळी एका रेषेत आहेत का ते कपलर (मोटर आणि शाफ्ट जोडणारा तुकडा) सैल करून पाहा. कपलर सैल केल्यावर शाफ्ट बाजूला उडी मारत असेल तर रेषा चुकलेली आहे. हे सुधारल्याशिवाय कितीही रेझिन भरलं तरी सांधा पुन्हा सुटेल. नंतर जुना चिकटा पूर्ण काढा, पितळेची नळी ८० नंबरने खरखरीत करा, कारण गुळगुळीत पितळेला इपॉक्सी धरत नाही. सिलिका घातलेल्या इपॉक्सीत नळी बसवा, दोन्ही बाजूंना सहा ते आठ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई, आणि त्यावरून कापडाच्या दोन अरुंद पट्ट्या नळीला मिठी घालून तळावर उतरतील अशा. नुसती गोलाई पाणी अडवते, कंपन पसरवायचं काम कापड करतं.

ट्रान्समवरचे (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवरचे) स्क्रू हीदेखील नेहमीची गळती. सुकाणूला दगड लागला की सगळा जोर चार स्क्रूंवर येतो. आतून तीन मिलिमीटर मरीन प्लायची पाटी बसवा, ब्रॅकेटपेक्षा चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठी, कडा उतरत्या. प्रत्येक भोक आधी हव्या त्यापेक्षा मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातच योग्य मापाचं भोक पाडा. म्हणजे प्लायचा गाभा पाण्याला कधी उघडा पडत नाही, आणि स्क्रू आवळला तरी लाकूड दबत नाही.

कार्बनविषयी. काचेच्या हलवर मध्येच कार्बनचा तुकडा लावला तर तोच सगळा भार घेतो आणि त्याच्या कडेला हल फुटतो. वापरायचाच तर वरच्या फोमच्या पट्ट्यांवर कार्बनचे लांब धागे लांबीच्या दिशेने टाका, तिथे त्याचा खरा उपयोग आहे. कार्बन वीजवाहक असल्याने २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो, त्यामुळे रिसीव्हरची अँटेना हलच्या वर काढावी लागते. खाऱ्या पाण्यात तो अ‍ॅल्युमिनियमला टेकला तर अ‍ॅल्युमिनियम गंजून खाल्लं जातं, मध्ये काचेचा एक थर ठेवा. दगडांचीच भीती असेल तर नाळेच्या आतून केवलारचा (चिवट कृत्रिम धाग्याच्या कापडाचा) एक थर कार्बनपेक्षा जास्त उपयोगी. हल फुटला तरी उघडा होत नाही. तो बाहेरून लावू नका. केवलार घासलं जात नाही, नुसते केस उभे राहतात.

मित्राची एबीएस प्लास्टिकची तयार बोट हाच उपाय मागेल म्हणून एक ओळ: एबीएसचा तडा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या एबीएसच्या कपच्यांनी जोडायचा, थोडाथोडा आणि पातळ, आणि पॉलिस्टर तिच्या जवळही न्यायचं नाही.

हलमध्ये स्प्रेचा पीयू फोम भरायचा विचार असेल तर तोही सोडा. फुगताना पातळ बाजू बाहेर ढकलतो आणि पुढे पाणी पितो. ईपीई फोमचे किंवा पोहण्याच्या नूडलचे तुकडे नाळेत आणि बाजूंना घट्ट बसवा, काढता येतील असे, म्हणजे आतलं तपासता येतं.

झाल्यावर चाचणी घरीच. मोटर-बॅटरीऐवजी तेवढ्या वजनाच्या पाण्याच्या बाटल्या आत ठेवा, तळाच्या सांध्यांवर टिश्यू पेपर पसरा आणि मोठ्या टबात अर्धा तास तरंगवा. ओला डाग कुठे उमटतो ते अचूक कळतं. मग सामान बसवून तोल तपासा. दुरुस्तीने नाळ जड झालेली असते. अशा एकहलाच्या बोटीचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून लांबीच्या तीस टक्क्यांच्या आसपास, तुमच्या बोटीत २५-२६ सेंटिमीटरवर यायला हवा. बॅटरी मागे-पुढे करून तो जागेवर आणा.

पहिल्यांदा पाण्यात सोडाल ती जागा मोकळी आणि परवानगीची असू द्या. खाडीत आणि फ्लेमिंगो उतरतात त्या पाणथळ जागांत नको. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). पहिली फेरी अर्ध्या थ्रॉटलवर, दोन मिनिटं, मग काठावर आणून झाकण उघडा आणि नळीचा सांधा, पट्ट्यांची टोकं आणि चाइनवरची दुरुस्ती नाण्याने ठोकून बघा. आवाज बदलला नसेल तर थ्रॉटल वाढवा.